रुसलेल्याच्या नावावर

जयदीपचं ताट झाकून ठेवलं होतं आणि त्याचा फोन लागत होता, पण तो उचलत नव्हता.

"गाडी चालवत असेल रे," तात्याराव म्हणाले.

"तात्या, गुडगावहून येताना धौला कुआँच्या ट्रॅफिकमध्ये गाडी चालत नाही, उभी असते," थोरला श्रीरंग म्हणाला. "फोन उचलायला वेळच वेळ आहे. मुद्दाम करतोय तो."

"मुद्दाम कशाला करेल?"

"दिवाळीपासून या घरात पाय नाही ठेवला, तो काय चुकून?"

तात्यारावांनी काउंटरवरची घंटी उगाच पुसली. स्टेशनातून बाहेर पडून पहाडगंजात शिरलं की तिसऱ्या गल्लीत गोदाकाठ लॉज. केंद्राच्या मंत्रालयात कागद घेऊन आलेला असो, मोठ्या इस्पितळात आईला दाखवायला आलेला असो, मराठी माणूस ट्रेनमधून उतरला की रिक्षावाल्याला 'गोदा लॉज' म्हणायचा. तात्याराव कोपरगावाकडून आले तेव्हा त्यांच्याकडे तेवढी एक नदीच होती, तिचं नाव दिलं. पूर्वी लोक फोन करून यायचे. पुढे जयदीपने वेबसाइट करून दिली आणि गेल्या वर्षीपासून निम्म्याहून जास्त माणसं ईमेल करून यायला लागली. आता मार्च संपत आलेला. यूपीएससीच्या मुलाखती तोंडावर. लातूर, नांदेड, परभणीची पोरंपोरी याच दिवसांत यायची, आणि त्यांच्या जिवावर लॉजचा पुढचा उन्हाळा निघायचा.

आणि नेमकी आज संध्याकाळी वेबसाइट बंद पडणार होती.

झालं होतं असं. जयदीपने वेबसाइट ठेवली होती यतीन म्हणून त्याच्या मित्राच्या सर्व्हरवर. फुकट. आपला माणूस आहे, पुण्याचा आहे, गणपतीत आरतीला येतो, मग काय बघायचं? तो यतीन आता बायकापोरं घेऊन कॅनडाला चालला, दुकान आवरतोय. रविवारी संध्याकाळी सर्व्हर बंद, म्हणाला. म्हणजे वेबसाइट गेली, ईमेल गेलं, आणि ज्या पोरांनी पत्ता लिहून घेतलाय त्यांचे निरोप गेले हवेत.

तात्यारावांना हे सगळं त्यांच्या पद्धतीने कळलं होतं, आणि खोटं नाही सांगत, बरोबर कळलं होतं. वेबसाइटचं नाव म्हणजे गल्लीच्या तोंडाशी लावलेली पाटी. होस्टिंग म्हणजे भाड्याची जागा. आणि पानं मांडायचा तो काय तो प्लॅटफॉर्म, तो म्हणजे जागेतलं सामानसुमान, कॉट, गाद्या, टेबल. यतीनची जागा गेली तर दुसरी घ्या, त्यात काय! पण पाटी नव्या जागेकडे वळवायची तर पाटीचा मालक पाहिजे. आणि पाटी होती जयदीपच्या नावावर.

का होती, त्याची गोष्ट या घरातल्या भिंतींनासुद्धा पाठ आहे. तात्यारावांचा कायदाच तसा. घरात कुणी रुसलं की नवी वस्तू त्याच्या नावावर. भांडण मिटवायचा दुसरा उपाय त्या माणसाला ठाऊक नव्हता. श्रीरंगला इंजिनियरिंगला पाठवलं नाही, तो रुसला, स्कूटर त्याच्या नावावर. तात्यारावांची बहीण हेमलता, तिला न विचारता श्रीरंगचं लग्न ठरवलं, ती ग्वाल्हेरला जाऊन रुसली, तर लॉजचा टेलिफोन तिच्या नावावर. अजून बिल 'श्रीमती हेमलता' म्हणूनच येतं, आणि फोन बिघडला की टेलिफोनवाले हेमलतालाच बोलवा म्हणतात. श्रीरंगची बायको स्वरूपा, तिला लग्नानंतर पहिल्या वर्षी कुणी कुठे फिरवलं नाही, गॅस तिच्या नावावर. विजेचं मीटर तर जुना भागीदार खंडेराव, तो रुसून नागपूरला गेला त्याच्या नावावर. आणि लॉजचा वरचा मजला श्रीरंगला दिला तेव्हा जयदीप जेवायचा बंद झाला. तेव्हा घरात नवं काय होतं? वेबसाइट. तात्याराव म्हणाले, "कर बाबा तुझ्या नावावर." त्यांना वाटलं, कंप्युटरमधली वस्तू, काय फरक पडतो!

*

स्वरूपा आतल्या खोलीत कंप्युटरसमोर बसली होती. बाजूला सासूबाई, कुमुदताई, मटार सोलत. रोजचं त्यांचं असंच चालायचं. स्वरूपा ईमेल वाचायची, कुमुदताई उत्तर सांगायच्या.

"आई, लातूरची अक्षया म्हणून आहे. मुलाखत आहे. एकटी येतेय, सोबत कुणी नाही. खोली सेफ आहे का विचारतेय."

"लिही, माझ्या खोलीशेजारची देते. रात्री दाराला कडी मी स्वतः बघते. आणि विचार, गाडी पहाटेची आहे का. पहाटेची असली तर स्टेशनाच्या आतच थांब म्हणावं, माणूस पाठवतो."

स्वरूपाने लिहिलं, पाठवलं. मग बोटं तशीच ठेवून बसली.

"हिचं उत्तर आज आलं तर मिळेल. उद्या आलं तर?"

"जयू येतोय ना."

"आई, खरं सांगू? मला भाऊजींचंच पटतं. हे म्हणतात नेहरू प्लेसच्या कंप्युटरबाजारातल्या त्या माणसाकडून स्वस्तात करून घेऊ. त्या माणसाला एक फोटो बदल म्हटलं तर महिना लावेल. भाऊजी म्हणतात तसं रेडीमेड घेतलं तर मी स्वतः बदलेन सगळं. माऊसने इकडचं उचलायचं, तिकडे ठेवायचं."

"हे श्रीरंगला बोललीस?"

"बोलले. दोन दिवस बोलत नाहीत माझ्याशी."

"मग आता काहीतरी त्याच्या नावावर करावं लागेल," कुमुदताई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. पण स्वरूपाचं हसणं लगेच आटलं. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला होता.

*

जयदीप आला तो घामाघूम. खांद्याला लॅपटॉपची बॅग, हातात गुडगावच्या कुठल्याशा मॉलमधला मिठाईचा डबा. तात्यारावांच्या पाया पडला. तात्यारावांनी डोक्यावर हात ठेवला, पण दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

"जेवून घे," कुमुदताई म्हणाल्या.

"आधी काम, आई. यतीनचा फोन आला होता, सहा वाजता बंद करतोय म्हणाला. पाटी फिरवली तरी सगळीकडे कळायला रात्र जाते, कधी दोन दोन दिवस जातात. यार, मी मागच्या आठवड्यापासून सांगतोय, कुणी ऐकत नाही."

"फोनवर सांगत होतास," श्रीरंग म्हणाला. "यायला काय झालं होतं?"

"तुम्ही आलात माझ्या वास्तुशांतीला?"

"लॉज कोण बघणार होतं?"

"अच्छा. म्हणजे लॉज सगळ्यांचं, आणि माझं घर फक्त माझं."

"अरे, बसा तर खरं," तात्याराव म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. आयुष्यभर हा माणूस कुलींशी, पोलिसांशी, नगरपालिकेशी भांडला, पण आपल्या दोन पोरांच्या मधे उभं राहायची वेळ आली की त्याला चष्मा सापडायचा नाही.

जयदीपने लॅपटॉप उघडला. खरी गोष्ट अशी की तोही घाबरलेला होता. ऑफिसात माणसं कमी करायचं चाललं होतं. गुडगावच्या नव्या सेक्टरातला फ्लॅट मोठा, पण पाणी टँकरचं, रस्ता कच्चा, रात्री बाहेर कोल्ह्यांचं ओरडणं. त्याच्या डोक्यात आलं, फ्लॅटच्या दोन खोल्या गेस्ट हाउस म्हणून द्याव्यात. मानेसरला गाड्यांच्या कारखान्यात पुण्याहून इंजिनियर येतात, त्यांना घरचं जेवण पाहिजे असतं. नोकरी गेली तर हे तरी राहील. हे त्याने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर नोकरीचंही सांगावं लागलं असतं.

"हे बघा," तो म्हणाला. "बाहेरची कंपनी आहे. महिन्याचं भाडं. होस्टिंग, डिझाइन, ईमेल, सगळं त्यांचंच. बिल्कुल झंझट नाही. मी नमुना करून आणलाय."

स्क्रीनवर चित्र उमटलं. निळं आभाळ, काचेची इमारत, आणि वर मोठ्या अक्षरात गोदाकाठ.

"छान दिसतंय की!" तात्याराव म्हणाले.

"चकाचक आहे," स्वरूपा म्हणाली आणि नवऱ्याकडे न बघता खुर्ची पुढे ओढली. "भाऊजी, खोल्यांचे फोटो कुठे टाकायचे?"

"खाली या, वहिनी."

स्वरूपाने माऊस खाली नेला. काचेची इमारत संपली. एक पांढरा सोफा आला. एक बाल्कनी आली. ही बाल्कनी तिने कुठेतरी पाहिली होती. जयदीपच्या बायकोने वास्तुशांतीचे फोटो पाठवले होते, त्यात होती. आणखी खाली गेली. खाली, खाली, अगदी तळाला बारीक अक्षरात लिहिलं होतं: जुनी शाखा, पहाडगंज.

तिने हात उचलला.

"भाऊजी, हे काय?"

"काय?"

"जुनी शाखा कोण? आम्ही?"

श्रीरंग वाकून वाचायला लागला. वाचलं, परत वाचलं.

"वा रे वा," तो म्हणाला. "वा! अक्षया लातूरहून ट्रेनने उतरणार, आणि जाणार गुडगावला. तुझ्या सोफ्यावर झोपायला. आमचा वरचा मजला डासांना देऊ काय?"

"दादा, तसं नाहीये. दोन वेगळी गिऱ्हाइकं आहेत. मानेसरला येणारा माणूस पहाडगंजात कशाला उतरेल?"

"मग वेगळं नाव घे ना! माझं नाव कशाला?"

"तुझं?" जयदीप उठला. "पाटी कुणाच्या नावावर आहे, दादा? वरचा मजला तुझा ना? मग हे माझं. तात्यांनी दिलंय. विचार तात्यांना."

सगळ्यांनी तात्यारावांकडे पाहिलं. तात्याराव चष्मा शोधत होते. तो डोळ्यांवरच होता.

"दिलं होतं," ते म्हणाले. "म्हणजे मी म्हटलं होतं खरं. पण असं नव्हतं म्हटलं."

"भाऊजी, एक विचारू?" स्वरूपा आता पक्की नवऱ्याच्या बाजूला सरकली होती. "या कंपनीचं भाडं उद्या परवडलं नाही, तर हे सगळं उचलून दुसरीकडे नेता येतं?"

जयदीपने लॅपटॉप जरा आपल्याकडे ओढला.

"नाही ना?"

"मजकूर नेता येतो. बाकी पुन्हा नव्याने करावं लागतं."

"म्हणजे गेलो की कॉट-गाद्या त्यांच्या," श्रीरंग म्हणाला. "नेहरू प्लेसवाला काय वाईट होता मग?"

"तुमचा तो नेहरू प्लेसवाला पाटी स्वतःच्या नावावर करून घेतो!" जयदीप ओरडला. "माझ्या ऑफिसातल्या एकाचं तसंच झालंय, कुणालाही विचार. त्याच्याकडे गेलात तर पाटी ना तुझी राहील ना माझी. मग भांडायला बसा त्याच्याशी, हेमलता आत्याला घेऊन!"

तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, कंप्युटरखालचा यूपीएस कर्कश ओरडायला लागला. आतल्या मोडेमचे हिरवे दिवे विझले. गल्लीतल्या जनरेटरांचा खडखडाट सुरू झाला.

"इंटरनेट गेलं," स्वरूपा म्हणाली. "आता?"

"आता काय, बसा," श्रीरंग म्हणाला. "खंडेरावाच्या नावाने मीटर आहे, नागपूरला फोन करा."

भिंतीवरचं घड्याळ मात्र चालू होतं, ते सेलवर होतं.

टेलिफोन वाजला. तात्यारावांनी उचलला, ऐकलं, आणि रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाले, "अगं, तुझा. लातूरची मुलगी."

*

कुमुदताईंनी मटाराचं पातेलं खाली ठेवलं आणि फोन घेतला.

"हो, मीच ती आजी. हो गं, लॉज चालू आहे. का विचारतेस असं? ... वेबसाइट उघडत नाही? ... तासाभरापासून?"

यतीनने संध्याकाळची वाटसुद्धा बघितली नव्हती.

"अगं, ते दुरुस्तीला काढलंय. तू ये. नाही, नाही, दुसरीकडे कुठे पैसे भरू नकोस. आईला दे फोन ... हं, नमस्कार. तुमची मुलगी माझ्या शेजारच्या खोलीत राहील. मी आहे. हो."

फोन ठेवून त्या तशाच उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी किती पोरींच्या आयांना 'मी आहे' म्हटलं होतं, त्याचा हिशोब कुणी ठेवला नव्हता. आज पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं, मी आहे म्हणते, पण मी आहे कुठे? फोन हेमलताचा. गॅस सुनेचा. वीज खंडेरावाची. वरचा मजला श्रीरंगचा, पाटी जयूची. आपण कधी रुसलोच नाही. वेळ नाही मिळाला. कुणी रुसलं की त्याला जेवायला घालायचं काम आपल्याकडे असायचं.

त्यांनी पदराला हात पुसले आणि बाहेर गेल्या. लॉजच्या दाराशी पाहुण्यांसाठी बाक होता, त्यावर जाऊन बसल्या. भिंतीकडे तोंड करून.

"आई?" जयदीप मागून आला. "काय झालं?"

"मी रुसले."

"काय?"

"रुसले म्हटलं. ऐकू येत नाही? तुझ्या वडलांना सांग."

श्रीरंग आधी हसला. मग त्याने आईचा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू तोंडातच राहिलं. स्वरूपा दाराला धरून उभी. तात्याराव काउंटरमागून बाहेर आले. त्या काउंटरमागून ते सहसा कुणासाठी बाहेर येत नसत.

"अगं, काय हे? गिऱ्हाईक येईल."

"येऊ दे. सांगेन, मालकीणबाई रुसल्यात."

"कशावर रुसलीस?"

"सगळ्यावर. तुमचाच कायदा आहे ना? मग करा."

तात्याराव बायकोकडे बघत राहिले. मग धाकट्याकडे वळले. आवाज बारीक नव्हता आता.

"जयू, पाटी आईच्या नावावर कर."

"तात्या, पण ..."

"तू रुसलास तेव्हा दिली. आता ती रुसली. संपलं."

जयदीप आईशेजारी बाकावर बसला. मग हळू बोलला, फक्त तिला ऐकू जाईल असं. "आई, ऑफिसात माझं काही खरं नाही. म्हणून ते गेस्ट हाउसचं केलं मी. दादाचं काही घ्यायचं नव्हतं."

"मग हे आधी बोलायचं की. काचेची इमारत कशाला दाखवतोस?"

"भीती वाटली."

"मला काय कमी वाटते? त्या पोरीच्या आईला शब्द दिलाय मी आत्ता." कुमुदताईंनी तोंड भिंतीकडून वळवलं. "ऐका सगळे. ती भाड्याची चकाचक जागा नको, आणि नेहरू प्लेसपण नको. जिथून निघताना आपलं सामान आपल्याला नेता येतं, अशी जागा आहे की नाही?"

"आहे," जयदीप म्हणाला. "साधं होस्टिंग. वर्षाचं भाडं भरायचं. वर फुकटचा प्लॅटफॉर्म टाकायचा, कुठेही हलवता येतो. फक्त दिसायला साधा. आणि वहिनींना थोडं शिकावं लागेल."

"शिकेन," स्वरूपा म्हणाली.

"आपण कुठे नटूनथटून बसलोय? पहिल्या पानावर पहाडगंज. फोन नंबर मोठ्या अक्षरात. आणि खाली लिहायचं, मानेसरला काम असेल तर आमच्या धाकट्याकडे उतरा. श्रीरंग, तुला चालेल?"

श्रीरंगने भावाकडे पाहिलं. "जेवण देणार का तिकडे?"

"देणार."

"मग तळाशी नको," श्रीरंग म्हणाला. "मधे कुठेतरी टाक. दिसेल असं."

वीज आली. पंखा फिरायला लागला, मोडेमचे दिवे एकेक करून हिरवे झाले. जयदीप लॅपटॉप घेऊन पळाला. यतीनला फोन झाला, यतीनने रडतखडत एक तासापुरता सर्व्हर परत चालू केला, सामान बाहेर निघालं. नवी जागा घेतली, जयदीपच्या कार्डावर. पाटी वळवली. मालकाचं नाव बदलायचा कागद स्क्रीनवर उघडला तेव्हा जयदीपने बोटं थांबवली, आणि मग आईचं पूर्ण नाव लिहिलं. त्यांच्यासाठी नवीन ईमेल काढलं.

"आता पासवर्ड, आई. कुणाला कळणार नाही असा. आणि विसरायचा नाही."

"तोंडं फिरवा," कुमुदताई म्हणाल्या.

"मला तर बघू दे, उद्या मलाच लागणार," स्वरूपा म्हणाली.

"लागेल तेव्हा मी टाकेन. फिरवा."

सगळ्यांनी तोंडं फिरवली. तात्यारावांनीपण. मागून एका बोटाने दाबलेल्या कळांचा आवाज येत राहिला, टक, मग बराच वेळ काही नाही, मग टक.

अंधार पडला तरी वेबसाइट उघडत नव्हती. जयदीप म्हणाला रात्र लागेल, म्हणून जेवायला थांबला. जेवताना दर घासाला कुणी ना कुणी उठून कंप्युटर बघून यायचं. शेवटी स्वरूपा आतून ओरडली, "आई! अक्षयाचं उत्तर आलं! नव्यावर आलं! गाडी पहाटेची आहे म्हणते!"

श्रीरंग आणि जयदीप दोघंही ताटावरून उठले. स्टेशनावर कोण जाणार, यावरून आत त्यांची परत जुंपली.

तात्याराव आणि कुमुदताई दोघंच पानावर उरले.

"काय ठेवलास गं पासवर्ड?" तात्यारावांनी हळूच विचारलं.

"रुसा आधी. मग बघू."

तात्यारावांनी ताट सरकवलं, तोंड वळवलं, गाल फुगवले. जमेना. आयुष्यभर दुसऱ्यांचे रुसवे काढण्यात गेलं, स्वतःला कुठे सवय होती! थोडा वेळ तसे बसले, मग त्यांनीच ताट पुढे ओढलं.

"भात वाढ," ते म्हणाले.

कुमुदताईंनी वाढला. पासवर्ड सांगितला नाही.